बसलं, म्हणजे जमलं?

गेमिंग कॉम्प्युटर दुकानातून उचलून आणायचा नसतो, तो जमवायचा असतो, हे माझ्या बहिणीला अजून पटलेलं नाही. तिच्या मते पैसे एकदाच द्यावेत, खोकं एकच यावं आणि बिघडलं तर भांडायला माणूसही एकच असावा. तिचं काही चुकत नाही. तयार गेमिंग कॉम्प्युटर मिळतात आणि चांगले मिळतात. पण नुकतीच बारावी दिलेल्या मुलांच्या जगात त्यांना मान नाही. तिथे ‘कुठून घेतलास?’ असं कोणी विचारत नाही. ‘काय काय टाकलंयस?’ असं विचारतात.

भाच्याने काय काय टाकायचं याची एक्सेलमध्ये यादी केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, कूलर, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर. प्रत्येक वस्तू वेगळ्या माणसाचा व्हिडिओ बघून निवडलेली आणि त्या त्या व्हिडिओत पहिली आलेली. यादी माझ्याकडे यायला दोन कारणं होती. काही रक्कम मामाने घालायची, असं माझ्या गैरहजेरीत ठरलं होतं. आणि नव्वदच्या दशकात मी लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड कॉम्प्युटर आणला होता, त्यामुळे आमच्या घराण्यात मी या विषयातला जाणकार समजला जातो. तो कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. ख्याती राहिली.

सगळ्या वस्तूंपुढे किमती होत्या. रॅमपुढे मात्र ‘मित्र देतोय’ एवढंच लिहिलं होतं.

मोह समजण्यासारखा होता. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स अशा काही ओढून घेतल्या की साध्या माणसाच्या रॅमचे भाव गगनाला भिडले. मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकायचा धंदाच गुंडाळत असल्याचं त्या डिसेंबरात जाहीर केलं. अशा दिवसांत मित्राच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या डीडीआर४च्या दोन स्टिक फुकट मिळत असतील तर कोण सोडेल? आणि फुकटची वस्तू एकदा यादीत शिरली की बाकीच्या यादीने तिच्याभोवती फिरायचं, हा मध्यमवर्गाचा फार जुना नियम आहे. फक्त इथे एक अडचण होती. प्रोसेसर भाच्याने एएमडीच्या नव्या, म्हणजे एएम५ सॉकेटचा निवडला होता, आणि एएम५ला डीडीआर५च लागते.

“पण मामा, दोन्हीला पिना सारख्याच आहेत. दोनशे अठ्ठ्याऐंशी.”

आकडा बरोबर होता. डीडीआर४लाही २८८ आणि डीडीआर५लाही २८८. लांबी तीच, दिसणं तेच. फरक आहे तो एका खाचेचा. स्टिकच्या खालच्या कडेला, अगदी मधोमध नाही, जरा एका बाजूला, एक खाच असते. डीडीआर४ची एका जागी, डीडीआर५ची किंचित सरकलेली. मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये त्याच जागी एक बारीक उंचवटा असतो. उंचवटा खाचेत उतरला तर रॅम ‘टक्’ करून बसते, नाहीतर बसतच नाही. एकीला १.२ व्होल्ट लागतात, दुसरीला १.१, कुठल्या पिनेने काय काम करायचं याची वाटणीही निराळी. चुकून बसली असती तर काहीतरी जळलं असतं. पण ती चुकून बसत नाही.

मला त्या खाचेबद्दल फार आदर वाटतो. कुठल्यातरी समितीत कोणीतरी असं धरून चाललं की हे काम करणारा माणूस घाईत असेल, टेबलाखाली वाकलेला असेल, सूचनांचा कागद वाचणार नाही आणि वाचला तरी स्वतःचंच खरं करील. अशा माणसाला समजावून सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या वाटेत प्लास्टिकचा एक उंचवटा ठेवावा. कॉम्प्युटरच्या पोटात असे उंचवटे जागोजागी आहेत. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. विजेच्या प्लगची भोकं नीट पाहिली तर काही चौकोनी आणि काही कडा कापलेली दिसतात. प्लग उलटा आत जाऊ नये म्हणून.

या बाबतीतला माझा आवडता किस्सा १९९९ सालचा आहे. एएमडीने अ‍ॅथलॉन हा प्रोसेसर काढला तेव्हा प्रोसेसर लांबट खोक्यातून यायचे आणि कार्डासारखे उभे बसवायचे. इंटेलच्या पेंटियम टूची तीच तऱ्हा होती. बोर्ड बनवणाऱ्यांना आहे तोच सुटा भाग वापरता यावा म्हणून एएमडीने इंटेलच्याच आकाराचा, तेवढ्याच २४२ पिनांचा कनेक्टर घेतला आणि बोर्डावर उलटा फिरवून लावला. विजेच्या दृष्टीने दोघांचा काडीचा संबंध नव्हता. दोन कंपन्या जाहिरातीत, भावांत एकमेकींशी भांडत होत्या, पण ते भांडण ग्राहकाच्या टेबलावर धूर काढणार नाही एवढी काळजी कोणीतरी घेतली होती.

मुळात वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकत्र जमवण्याची मुभा आपल्याला मिळाली, तीही अशीच भांडणातून. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर आणला. साधारण वर्षभरात यंत्र उभं करायचं होतं, म्हणून आयबीएमने आपल्या स्वभावाला न शोभणारी गोष्ट केली: भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. वर यंत्राची आतली सगळी माहिती छापून विकायला ठेवली, म्हणजे इतरांनी त्यासाठी कार्डं बनवावीत. खास आपली अशी उरली ती बायॉस, यंत्राला जाग आणणारी छोटीशी प्रणाली. ती वाचता येत होती, पण उतरवून घेतली तर कायदा आडवा येणार होता. १९८२ साली सुरू झालेल्या कॉम्पॅकने यावर तोड काढली. एका गटाने आयबीएमची बायॉस वाचायची आणि ती काय काय करते तेवढंच लिहून द्यायचं. दुसऱ्या गटाने, ज्याच्या नजरेला मूळची एक ओळही पडलेली नाही, त्या टिपणावरून नवी बायॉस लिहायची. नक्कल नाही, आणि काम मात्र हुबेहूब. १९८७ साली आयबीएमने नव्या यंत्रांत ‘मायक्रो चॅनल’ नावाची स्वतःची व्यवस्था आणून दार लावून घ्यायचा प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी व्यवस्था जाहीर केली. तेव्हापासून या यंत्राला असा एक मालक राहिला नाही. भाच्याच्या यादीत अमेरिकन प्रोसेसर, तैवानी बोर्ड आणि ऑस्ट्रियन कूलर शेजारी शेजारी बसू शकत होते ते यामुळे.

खाचेपुढे नमून भाच्याने यादी बदलली. मोठी माणसं रॅम बदलतील. त्याने रॅम ठेवून प्रोसेसर आणि बोर्ड बदलला. मित्राकडे रॅमबरोबर एक बी४५० जातीचा मदरबोर्डही पडून होता, एएम४ सॉकेटचा. तो घ्यायचा आणि त्यावर नवा रायझन ५ ५६०० बसवायचा. तोही एएम४च. सॉकेट तेच, खाचा त्याच, १३३१ पिना त्याच. यादीत आता दोन वस्तूंपुढे ‘मित्र देतोय’ होतं, आणि मेहुणे पहिल्यांदाच यादीत रस घेऊ लागले.

मग आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्याआधी क्वीन्सलँडचे. ऑस्ट्रेलियात त्यांच्या नावाचा चॉकलेट-खोबऱ्याचा केक मिळतो आणि मुंबईत त्यांच्या नावाच्या रस्त्यावर ग्राफिक कार्डं. आता सगळं घरपोच येतं, भावही फोनवर कळतात. पण ऑनलाइन दुकान ‘घ्या’ म्हणतं, ‘घेऊ नका’ म्हणत नाही. ते म्हणणारी माणसं या रस्त्यावर अजून आहेत.

ज्या दुकानात शिरलो तिथे काउंटरमागे एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी यादी हातात घेतली आणि पेनाने टिंबं द्यायला सुरुवात केली. “ये बैठेगा. ये बैठेगा. ये नहीं बैठेगा.” समोर कॅटलॉग नाही, स्क्रीन नाही. भाच्याने फोनवर पीसीपार्टपिकर उघडून ठेवलं होतं. त्यात भाग टाकत गेलं की एकमेकांशी जमतं की नाही ते कळतं. गृहस्थ आणि फोन यांचा सामना बराच वेळ बरोबरीत चालला. ‘नहीं बैठेगा’ मिळाला तो कूलरला. नॉक्चुआचा एनएच-डी१५, तपकिरी आणि फिकट बदामी पंख्यांचा, ज्याच्या रंगसंगतीला सगळं जग नावं ठेवतं आणि ज्याच्या कामाला कोणीच ठेवत नाही, तो १६५ मिलिमीटर उंच. कॅबिनेटमध्ये जागा १६०. काचेचं झाकण लागलं नसतं. “ये प्रोसेसर के साथ बक्से में कूलर फ्री आता है,” गृहस्थ म्हणाले, आणि मेहुण्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी तिथल्या तिथे चहा मागवला.

मग पेन मदरबोर्डच्या ओळीवर थांबलं.

“ये बैठेगा साब. मगर चलेगा नहीं.”

भाच्याने त्यांना सॉकेट एकच असल्याचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पिना सारख्या असल्याचं सांगितलं. त्यालाही मान डोलावली. बोर्ड २०१८चा, प्रोसेसर २०२२चा. चार वर्षांनी जन्मलेल्या या प्रोसेसरचं नाव त्या बोर्डाच्या बायॉसमध्ये कुठून असणार?

“मग बायॉस अपडेट करू.”

“करो ना. मगर उसके लिए चालू तो होना चाहिए.”

आमच्या इथे सोसायटीच्या कार्यालयात असाच एक कागद लागतो, जो मिळवायला तोच कागद आधी दाखवावा लागतो. त्यामुळे मला हे पटकन समजलं. भाच्याला समजायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. काही बोर्डांवर नुसती पेन ड्राइव्ह लावून, प्रोसेसर नसतानाही बायॉस बदलायचं बटण असतं. मित्राच्या बोर्डावर ते नव्हतं.

ही अडचण इतकी खरी होती की २०१८ साली एएमडीने अशा फसलेल्या ग्राहकांना चक्क प्रोसेसर उसना द्यायला सुरुवात केली होती. ए६-९५०० नावाचा एक साधा प्रोसेसर टपालाने यायचा. तो बसवा, बोर्ड जागा करा, बायॉस नवी करा, तो काढा, आपला बसवा, आमचा परत पाठवा. पुढे मे २०२०मध्ये त्याच एएमडीने जाहीर केलं की बी४५०सारख्या बोर्डांवर येणारी पिढी चालणारच नाही, कारण बायॉस साठवायच्या चिपमध्ये सगळ्या पिढ्यांची नावं मावत नाहीत. ती चिप बऱ्याच बोर्डांवर १६ मेगाबाइटची असते. माझ्या फोनमधल्या चार फोटोंएवढी. चांगले चालते बोर्ड एवढ्याशा जागेपायी अडगळीत जाणार, म्हणून लोकांनी असा काही गिल्ला केला की कंपनीने त्याच महिन्यात शब्द फिरवला. काही बोर्ड कंपन्यांनी तर जागा करायला बायॉसमधली शोभेची चित्रं काढून टाकली. भाच्याचा बेत उभा होता तो या गिल्ल्याच्या जोरावर.

गृहस्थांनी ड्रॉवर उघडला. आत स्क्रू, जुनी बिलं, आणि चौकोनी प्लास्टिकच्या डबीत एक पहिल्या पिढीचा रायझन. “बोर्ड लेके आओ. दस मिनट का काम है.” त्यांनी त्याचे पैसे लावले नाहीत. बाकीच्या मालाचे लावले, जीएसटीसकट.

बहिणीचा फोन आला तो याच वेळी. “दादा, सगळं एकाच कंपनीचं घेऊन टाका ना. मग कशाला अडतंय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर इंटेलने देऊन ठेवलं आहे. २०१५ साली इंटेलने ११५१ पिनांचं सॉकेट आणलं. २०१७च्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर आले, तेही ११५१ पिनांचे, त्याच आकाराचे, त्याच खाचांचे. जुन्या बोर्डावर अलगद बसायचे. आणि चालायचे नाहीत. नवा बोर्ड घ्यावा लागायचा. एकाच कंपनीचा प्रोसेसर, त्याच कंपनीची चिप असलेला बोर्ड, आणि ओळख दाखवायला तयार नाही. त्यानंतर निदान आकडे तरी बदलले: २०२०ला १२००, २०२१ला १७००, २०२४ला १८५१. दर वेळी नवा बोर्ड घ्यावा लागतो, पण निदान जुन्यावर बसत तरी नाही. फसवणूक नाही, नुसता खर्च.

हे सगळं ऐकून माझ्या आईने, म्हणजे भाच्याच्या आजीने, विषय एका वाक्यात बसवला: “म्हणजे पत्रिका बघताय म्हणा की.” तसंच आहे, फक्त हिशेब कडक. पत्रिकेत ३६पैकी १८ गुण जुळले की लोक हॉल बुक करतात. इथे पस्तीस जुळून डिस्प्ले येत नाही.

‘बैठेगा, मगर चलेगा नहीं’ हे मात्र माझ्या डोक्यातून जाईना. बसत नाही ते बरं. त्याने फार तर एक फेरी वाढते. काळजी करायची ती बसणाऱ्याची. उदाहरणार्थ एम.२ एसएसडी. च्युइंगमच्या कांडीएवढी, २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, आणि त्यात दोन जाती. दिसायला जवळजवळ एकसारख्या, पण एक साटाची भाषा बोलते आणि दुसरी एनव्हीएमई. स्लॉटला एकच भाषा येत असेल तर दुसरीची एसएसडी आत जाऊन गप्प बसते. स्क्रूसुद्धा लागतो. किंवा ग्राफिक कार्ड. पीसीआय एक्स्प्रेसचं वचन असं, की कुठल्याही पिढीचं कार्ड कुठल्याही पिढीच्या स्लॉटमध्ये चालेल, आणि २००३पासून ते वचन पाळलं गेलं आहे. पण जानेवारी २०२२मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाने सोळा वाटांच्या स्लॉटमधल्या चारच वापरल्या. चौथ्या पिढीच्या बोर्डावर तेवढ्या पुरतात. बी४५०सारख्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर तेच कार्ड दम खातं. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना बोर्ड असतो, हे बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. भाच्याने ते यादीत घेतलं नव्हतं, याबद्दल मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. उघड दिली असती तर रक्कम वाढली असती.

आणि बसून, चालून, वर जाळणारी अशीही एक जात आहे: एसएमपीएसच्या तारा. मित्राची देणगी अजून संपली नव्हती. त्याच्याकडे जुन्या एसएमपीएसच्या काळ्या-लाल विणलेल्या, दिसायला फार सुंदर अशा तारा होत्या. आजकालच्या चांगल्या एसएमपीएसच्या तारा सुट्या असतात, लागतील तेवढ्या लावायच्या. त्यांचं एक टोक मदरबोर्डला, ग्राफिक कार्डाला किंवा डिस्कला जातं. त्या टोकाला जवळजवळ सगळ्या जगाने एकच नियम पाळला आहे. दुसरं टोक एसएमपीएसमध्ये जातं, आणि त्या टोकाला कुठलाच नियम नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मनाने पिनांची वाटणी करते, कधी कधी एकाच कंपनीची दोन मॉडेलंही वेगळी करतात. प्लग मात्र सारखे. बिनतक्रार आत जातात, आणि जिथे ५ व्होल्ट जायला हवेत तिथे १२ जातात. डिस्क गेली, तिच्यातले फोटो गेले. खाच ठेवायची ती नेमकी इथे, आणि इथेच कोणी ठेवली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेलने आपल्या कॉम्प्युटरमध्ये बाजारातल्यासारखाच दिसणारा वीस पिनांचा प्लग वापरून आतल्या तारा वेगळ्या क्रमाने लावल्या होत्या. बाहेरून आणलेला एसएमपीएस जोडायचा आणि बटण दाबायचं; पुढचं नाकाला कळायचं.

तारा मी परत पाठवायला लावल्या. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

एसएमपीएसवर कोणी व्हिडिओ बघत नाही. त्याने गेम वेगात पळत नाही, तो दिसत नाही, दिव्यांनी उजळत नाही. म्हणून बजेट ओलांडलं की कात्री त्याच्यावर चालते. कॅबिनेटबरोबर आलेले, भल्यामोठ्या आकड्याचं स्टिकर लावलेले, हाताला रिकाम्या डब्यासारखे हलके लागणारे एसएमपीएस मी माझ्या हयातीत बरेच पाहिले आहेत. पन्नास हजारांच्या मालाला दीड हजाराचा रखवालदार. इथे मी माझ्या रकमेचा आवाज वापरला. पुढचा वाद यूपीएसचा झाला. घरात जो ६०० व्हीएचा यूपीएस होता तो साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. ग्राफिक कार्ड रंगात आलं की तो किंचाळून बंद पडणार, हे मेहुण्यांना गणित करून दाखवावं लागलं. त्यांचं मत पडलं की भाच्याने रंगात येऊ नये.

जोडणी जेवणाच्या टेबलावर झाली. एसएसडीचा तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू खाली पडला, सगळं कुटुंब फरशीवर बसलं, आणि तो बहिणीला सापडला. तयार कॉम्प्युटर घेतला असता तर, असं ती त्या वेळी म्हणाली नाही, याची नोंद व्हायला हवी. मेहुण्यांनी रॅमच्या दोन स्टिक शेजारी शेजारी बसवल्या होत्या, शोभून दिसत होत्या. त्या दुसऱ्या आणि चौथ्या खणात हव्यात. शेजारी बसवल्या तरी चालतात, फक्त वाट निम्मी होते. भाच्याने त्या हलवल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, कॅबिनेटच्या काचेतून इंद्रधनुष्य वाहू लागलं, आणि मॉनिटर काळाच.

“डिस्प्ले येत नाहीये,” मेहुणे म्हणाले. तसं दिसतच होतं.

वायर मदरबोर्डच्या मागच्या एचडीएमआयला लावलेली होती. भोक तिथे होतं, वायर त्यात व्यवस्थित गेली होती. पण रायझन ५ ५६००मध्ये चित्र काढायची सोयच नाही. ते काम ग्राफिक कार्डाचं, आणि त्याचं भोक चार बोटं खाली. बी४५०वरची ती जागा कुठल्यातरी दुसऱ्या प्रोसेसरसाठी आहे. आमच्याकरता ती नुसती शोभेची खिडकी. वायर खाली आली, चित्र आलं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला होता, विंडोजने तो ६०वर चालवायला घेतला होता. कोणाच्या लक्षातही आलं नसतं, भाच्याच्या आलं. त्या वयात डोळे असतात.

मग गेम. कुठला? व्हॅलोरंट. मी यादीखातर थोडं वाचलं होतं. हा गेम २०२०मध्ये आला तेव्हा त्याची किमान अपेक्षा कोअर टू ड्युओ ई८४०० एवढी होती, म्हणजे २००८ सालचा प्रोसेसर. हे मी मेहुण्यांना सांगितलं नाही. घरात शांतता राहावी असं मलाही वाटतं.

आणि तो गेमही सुरू होईना. विंडोज ११ असेल तर व्हॅलोरंटच्या पहारेकऱ्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट या दोन्ही गोष्टी चालू लागतात. मित्राच्या जुन्या बोर्डावर त्या बंद होत्या. सगळे भाग बसलेले, सगळे चाललेले, पंखे फिरतायत, मॉनिटर १४४वर, आणि गेम दारातच उभा. भाचा बायॉसमध्ये शिरला. निळ्या-राखाडी पानांवरून बराच वेळ फिरला. ओठ हलत होते, पण काय पुटपुटत होता ते आजीसमोर मोठ्याने विचारण्यासारखं नव्हतं. शेवटी दोन ओळी ‘एनेबल्ड’ झाल्या, आणि खोलीत गोळीबार सुरू झाला.

बहीण थोडा वेळ पाठीमागे उभी राहून बघत होती. तिने ते दिवे बंद करता येतात का विचारलं. येतात. वीज किती जळते ते विचारलं. मी विषय बदलला. मेहुणे आत गेले आणि हॉलच्या माळ्यावरून जुना लेझर प्रिंटर खाली घेऊन आले. सोसायटीच्या नोटिसा, भाच्याचे प्रोजेक्ट, बहिणीच्या भिशीचे तक्ते, या सगळ्याच्या प्रती बाहेरून काढण्यात फार पैसे जातात, आणि एवढा भारी कॉम्प्युटर घेतलाच आहे तर हा चालायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रिंटरच्या पाठीवर अजून ‘विंडोज एक्सपी’चं स्टिकर होतं. भाच्याने माझ्याकडे बघितलं.

मेहुण्यांनी फडक्याने धूळ पुसली, वायरचं टोक फुंकरलं आणि कॅबिनेटच्या मागे वाकले.

“यूएसबीचीच आहे,” ते म्हणाले. “बसेल ना!”